म्हातारे पेशंट आवडतात का असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

थिसिसचे विषय ठरवायची वेळ आली की दरवर्षी कुणीतरी एक पीजी (पोस्ट ग्रॅज्युएशन करणारा स्टुडन्ट) हा विषय घेऊन येतोच. डेंटल स्टुडन्ट्सचा वयस्कर पेशंट्सकडे बघायचा दृष्टिकोन मोजायचाय. का येतो ते उघड आहे, लॅब लागत नाही, मशीन लागत नाही, सहा महिन्यांनी पेशंट फॉलोअपला येईल की नाही याची धाकधूक नाही, तयार स्केल (म्हणजे मार्क देता येतील अशा वाक्यांची प्रश्नावली) घ्यायचं, वर्गात फॉर्म वाटायचे, आकडे एक्सेलमध्ये टाकायचे, स्टॅटिस्टिशियनला गाठायचं आणि मोकळं व्हायचं. मला या विषयाबद्दल तक्रार नाहीये, उलट माझा आवडता आहे, पण तो सोपा आहे हा जो समज आहे ना त्यावर जरा बोलायचंय. गेली बरीच वर्षं असे फॉर्म बनताना, वाटले जाताना, भरले जाताना बघतेय आणि मला दिवसेंदिवस असं वाटायला लागलंय की आपण मोजतोय एक आणि लिहितोय भलतंच.

आधी हे मोजायचंच कशाला ते सांगते. एकेकाळी डेंटिस्टकडे म्हातारा माणूस आला म्हणजे कवळी, विषय संपला. आता तसं राहिलेलं नाही, लोक जास्त जगतायत आणि स्वतःचे दात घेऊन जगतायत. जपानने १९८९ मध्ये ८०२० नावाची मोहीम काढली होती, म्हणजे ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान २० दात हवेत. तेव्हा ते टार्गेट ऐकून कुणीही हसलं असतं, आणि २०१६ च्या त्यांच्या सर्व्हेत त्या वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ते गाठलेलं निघालं. पण दात राहिले की दातांची दुखणीपण राहिलीच. हिरड्या खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना लागणारी कीड, बीपीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनी कोरडं पडलेलं तोंड, लाळ नाही म्हणून अजून कीड, रक्त पातळ करायची गोळी चालू, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिसफॉस्फोनेट चालू (त्याने दात काढल्यावर जबड्याचं हाड सडू शकतं याचे पहिले रिपोर्ट २००३ मध्ये आले, म्हणजे तसं अलीकडेच), वयानुसार दाताच्या मुळांच्या आत बारीक होत गेलेले कॅनॉल. आज थर्ड इयरला असलेलं पोरगं पुढची तीस-पस्तीस वर्षं प्रॅक्टिस करेल तेव्हा त्याच्या चेअरवर हीच माणसं जास्त असणार आहेत. त्यांना बघून त्याच्या कपाळाला आठी पडणार असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आणि आठी पडते हे काही गुपित नाहीये. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६९ मध्ये या वागण्याला एजिझम असं नाव दिलं, आणि डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये जगातल्या दर दोन माणसांतल्या एकाच्या मनात वयस्कर लोकांबद्दल असा पूर्वग्रह असतो असं दिलंय. दोनात एक! मग डेंटल कॉलेजात शिरताना तो गेटवर ठेवून येणार थोडीच.

गंमत म्हणजे हा पूर्वग्रह पेशंटच्या स्वतःच्या डोक्यातपण असतो. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. आमच्याकडे चेअरवर याचं रोजचं रूप म्हणजे, "आता या वयात कशाला रूट कॅनॉल, काढून टाका." आणि समोरचा स्टुडन्ट लगेच हो म्हणतो, कारण काढणं दहा मिनिटांचं काम. दोघांचं एकमत झालं, सही घेतली, दात गेला. याला कुठल्या स्केलवर कसं पकडणार सांगा, इथे कुणी कुणाचा अपमान केलेला नाही, उलट पेशंट खूश होऊन आशीर्वाद देऊन गेला.

आता स्केलकडे येते.

म्हाताऱ्यांबद्दल लोकांना काय वाटतं हे मोजायचा प्रयत्न बराच जुना आहे, टकमन आणि लॉर्ज यांची हो-नाहीवाली लांबलचक यादी १९५३ ची. मग १९६१ मध्ये नेथन कोगन आले. त्यांचं स्केल अजूनही जगभर वापरतात आणि माझ्या मते ते बनवणाऱ्याचं डोकं खरंच तल्लख होतं, कारण त्यात ३४ वाक्यं आहेत पण ती १७ जोड्या आहेत, एक वाक्य म्हाताऱ्यांच्या बाजूने आणि तेच उलटवून दुसरं त्यांच्या विरोधात. म्हणजे जो माणूस डोळे मिटून सगळ्याला "सहमत" वर टिक करत सुटतो तो लगेच उघडा पडतो. आमच्याकडे असे टिक करत सुटणारे भरपूर असतात, दुपारच्या लेक्चरनंतर फॉर्म वाटला तर जास्तच. त्यानंतर १९६९ मध्ये विशेषणांच्या ३२ जोड्यांचं एक आलं, एका टोकाला चांगला शब्द, दुसऱ्या टोकाला त्याच्या विरुद्धचा आणि मधे सात घरं. १९७७ मध्ये पामोर यांची २५ प्रश्नांची चूक-बरोबरवाली क्विझ आली, जी खरं तर म्हातारपणाबद्दलची माहिती तपासते, दृष्टिकोन नाही, पण थिसिसमध्ये ती सर्रास दृष्टिकोन म्हणून खपवली जाते आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) कुणी विचारतही नाही.

मेडिकल आणि डेंटलवाल्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे यूसीएलए या अमेरिकन युनिव्हर्सिटीचं १९९८ चं स्केल. का लाडकं, तर फक्त १४ वाक्यं आहेत. पाच मिनिटांत भरून होतं. प्रत्येक वाक्याला १ ते ५, म्हणजे टोटल १४ ते ७० च्या मधे कुठेतरी येणार. ५ वाक्यं चांगली, ९ वाईट, वाईट वाक्यांचे मार्क उलटे करायचे (आणि हे उलटे करायचं विसरलेला डेटा मी बघितलाय, त्यात सगळा वर्ग अगदी मधोमध येऊन बसतो आणि अल्फा, म्हणजे वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, रसातळाला जातो).

या चौदांतलं एक वाक्य साधारण असं आहे की सरकारने मेडिकेअरचा पैसा काढून एड्स किंवा लहान मुलांच्या आजारांच्या रिसर्चला द्यावा. आता हे नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन डॉक्टरांना विचारायला ठीक होतं, तिथे मेडिकेअर ही ६५ च्या वरच्यांची सरकारी योजना, लगेच कळतं काय विचारतायत ते. पण दुसऱ्या देशातल्या, पंचवीस वर्षांनंतरच्या डेंटलच्या पोरांनी याला काय उत्तर द्यायचं? ती बिचारी मधल्या घरावर टिक करतात आणि तो ३ आपण त्यांचा "तटस्थ दृष्टिकोन" म्हणून टोटलमध्ये धरतो.

पण माझं खरं भांडण दुसऱ्याच दोन वाक्यांशी आहे.

एक वाक्य अशा अर्थाचं आहे की वयस्कर पेशंटची हिस्टरी (आधीचे आजार, औषधं, ऑपरेशनं यांची माहिती) घेणं ही बऱ्याचदा एक शिक्षा असते. याला सहमत म्हटलं की मार्क कमी, म्हणजे दृष्टिकोन वाईट. आता फायनल इयरच्या स्टुडन्टचा सकाळचा स्लॉट डोळ्यासमोर आणा. पेशंट ७९ वर्षांचा, ऐकू कमी येतं, गोळ्यांची पिशवी घरी राहिली, कुठल्या गोळ्या तर "एक पांढरी आणि एक गुलाबी", दोन वर्षांपूर्वी काहीतरी ऑपरेशन झालंय पण नक्की कसलं ते मुलाला माहिती, मुलगा फोन उचलत नाहीये, आणि मागे फॅकल्टी घड्याळ बघत उभी. हा स्टुडन्ट प्रामाणिकपणे "हो, शिक्षा असते" असं लिहितो. तो म्हाताऱ्यांचा दुस्वास करतो का? माझ्या मते तो एक खरी गोष्ट सांगतोय, की हे काम अवघड आहे, वेळ पुरत नाही आणि मला हे कसं करायचं कुणी नीट शिकवलेलं नाही. फर्स्ट इयरचं पोरगं, ज्याने अजून एकाही पेशंटला हात लावलेला नाही, ते मात्र अगदी गोड "असहमत" लिहून पाचपैकी पाच मार्क घेतं. मग आम्ही पेपरमध्ये लिहितो की कोर्स पुढे जाईल तसा स्टुडन्ट्सचा दृष्टिकोन बिघडतो. बिघडतही असेल कदाचित! पण या वाक्याने ते सिद्ध होत नाही, या वाक्याने फक्त एवढं कळतं की एकाने हिस्टरी घेतलीय आणि दुसऱ्याने नाही.

दुसरं वाक्य याच्या उलट. माझ्या तरुण पेशंट्सपेक्षा वयस्कर पेशंट्सकडे मी जास्त लक्ष देतो, मला त्यांच्याबद्दल जास्त सहानुभूती वाटते, अशा अर्थाचं. हे चांगलं वाक्य धरलंय, सहमत म्हणा आणि मार्क घ्या. इथे मला थांबावंसं वाटतं. सुझन फिस्क या सायकॉलॉजिस्टने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक मांडणी केली की आपण कुठल्याही गटाकडे दोन मापांनी बघतो, माणसं प्रेमळ आहेत का आणि कर्तबगार आहेत का, आणि म्हातारी माणसं बहुतेकांच्या डोक्यात "प्रेमळ पण कुचकामी" या खणात पडतात. त्या खणातल्या माणसाची आपल्याला दया येते. सहानुभूती जास्त म्हणजे आदर जास्त असं नाहीच मुळी. जो स्टुडन्ट आजींशी दोन वर्षांच्या बाळाशी बोलावं तसा "आऽ करा बरं, श्शाब्बास!" असं बोलतो त्याला सहानुभूतीत पैकीच्या पैकी मिळतील, आणि त्या आजी रिटायर्ड हेडमिस्ट्रेस असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते आम्ही लांबून बघतो. या गोड गोड एजिझमसाठी २०१७ मध्ये एक वेगळं स्केल आलंय, १३ वाक्यांचं, त्यातली ९ या गोडवाल्या प्रकारची आणि ४ च उघड कडू. मला वाटतं डेंटल स्टुडन्ट्सना कडूपेक्षा गोडच जास्त विचारायला हवं, कारण चेअरवर आडवा केलेला, तोंड उघडं ठेवलेला, बोलू न शकणारा माणूस म्हणजे या गोडपणाला रान मोकळं.

बरं म्हातारा म्हणजे नक्की कोण, हे तर कुठलंच जुनं स्केल धड सांगत नाही. युनायटेड नेशन्सच्या बऱ्याच आकडेवारीत ६० च्या वरचे, श्रीमंत देशांत ६५ च्या वरचे. आता ६२ वर्षांचा माणूस सकाळी पळून येऊन इम्प्लांटचं विचारतो आणि ८८ वर्षांच्या बाईंना व्हीलचेअरवरून आणतात, दोघं एकाच शब्दात कसे बसतील. आमच्या फील्डमध्ये एटिंगर आणि बेक यांनी १९८४ मध्येच सांगून ठेवलंय की वय बघू नका, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते बघा, आणि तीन गट पाडले, स्वतंत्र असलेले, तब्येतीने नाजूक झालेले आणि पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून असलेले. इतकं साधं आहे हे. तरी आपण फॉर्मवर "वयस्कर व्यक्ती" एवढंच छापतो आणि वीस वर्षांचं पोरगं त्याच्या डोक्यात जे कुणी येईल, बहुतेक स्वतःचे आजोबा, त्यांच्याबद्दल उत्तर देतं. आजोबांबद्दल वाईट कोण लिहिणार!

डेंटलवाल्यांसाठी म्हणून खास बनवलेलं स्केल २०१८ मध्ये आलं, आयोवा युनिव्हर्सिटीच्या लिओनार्डो मार्किनी आणि मंडळींचं. सुरुवातीला २७ वाक्यं होती, मग स्टुडन्ट्सच्या उत्तरांवरून त्यातली चाळून कमी केली. याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात ट्रीटमेंटमधल्या अडचणी हा भाग वेगळा निघतो, म्हणजे म्हातारी माणसं नकोशी वाटतात हे वेगळं आणि त्यांच्यावर काम करणं किचकट वाटतं हे वेगळं. मी वर हिस्टरीबद्दल जी कटकट केली तिला थोडं तरी उत्तर आहे हे. पुढे ते ग्रीस, रोमानिया, ब्राझील अशा बऱ्याच ठिकाणी नेलं, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी टिकलेली वाक्यं काही एकसारखी नव्हती. काही जण याला स्केलचा दोष म्हणतात, मला तसं वाटत नाही. चाळणी लावल्यावर प्रत्येक देशात वेगळं काहीतरी उरतं यातच खरी माहिती आहे, फक्त मग दोन देशांच्या टोटलची तुलना करून वर्तमानपत्री हेडिंग देऊ नये एवढंच.

अल्फाबद्दल एक छोटी तक्रार करून पुढे जाते. क्रोनबाखने १९५१ मध्ये दिलेला आकडा, ०.७ च्या वर आला की सगळे टाळ्या वाजवतात. पण तोच प्रश्न चार वेगळ्या शब्दांत विचारला की अल्फा छानच येतो हो. आणि वाक्यं वाढवली तरी वाढतो. अल्फा चांगला आला म्हणजे आपल्याला हवं तेच मोजलं गेलं असं नाही, वाक्यं एकमेकांशी जुळतात एवढंच.

आता फॉर्म कसे भरले जातात ते सांगते, कारण पेपरमधल्या मेथड्सच्या भागात हे कधीच येत नाही. वर्गात मॅडम किंवा सर उभे. "नाव लिहू नका हं, एकदम प्रामाणिकपणे लिहा." पण रोल नंबरने हजेरी आत्ताच झालीय, रांगेने फॉर्म गोळा होणार आहेत, आणि हेच सर पुढच्या महिन्यात व्हायव्हाला बसणार आहेत. ऑनलाइन फॉर्म असेल तर वर बारीक अक्षरात ईमेल आयडी दिसत असतो. कोण लिहील हो की मला बिनदाताच्या म्हाताऱ्याच्या तोंडात हात घालायला किळस येते? माणूस बरं दिसेल असंच लिहितो, हे इतकं जुनं माहिती आहे की ते मोजायलासुद्धा क्राउन आणि मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ वाक्यांचं वेगळं स्केल काढलं. ते सोबत जोडलं तर कळतं तरी की कोण किती सजवून सांगतोय. पण फॉर्म लांबतो म्हणून कुणी जोडत नाही.

याच्यापेक्षा मोठी गोची म्हणजे कोटा. बाहेरच्या लोकांना हे माहिती नसतं म्हणून सांगते, डेंटलच्या स्टुडन्टला परीक्षेला बसायच्या आधी ठरावीक केसेस पूर्ण कराव्या लागतात, इतक्या फिलिंग, इतके दात काढणे, इतक्या पूर्ण कवळ्या. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला बिनदाताचा पेशंट म्हणजे देव! पोरं वेटिंग हॉलमध्ये हेरून ठेवतात, पाणी काय विचारतात, स्वतः फोन करून अपॉइंटमेंटची आठवण करतात. कवळीचं काम पाच-सहा फेऱ्यांचं, पहिलं माप, मग बॉर्डर मोल्डिंग, मग फायनल माप, जॉ रिलेशन, ट्राय-इन, मग एकदाची कवळी हातात. तोपर्यंत नातं एकदम घट्ट. कवळी दिली, सही झाली, कोटा पूर्ण झाला, आणि मग खरी सुरुवात होते, कारण नवी कवळी टोचते. टोचणारच, सगळ्यांचीच टोचते, खालचं हाड झिजून सपाट झालेलं असेल तर ती बसतही नाही धड. पेशंट परत येतो. परत येतो. आणि आता तोच देव कटकट्या झालेला असतो. याच स्टुडन्टला मी कोटा पूर्ण व्हायच्या आधी फॉर्म दिला असता तर एक स्कोअर आला असता आणि नंतर दिला तर दुसरा. हा दृष्टिकोन म्हाताऱ्यांबद्दलचा नाही, आमच्या सिस्टिमबद्दलचा आहे. आम्हीच त्याला शिकवतो की कवळी देणं म्हणजे काम पूर्ण, त्यानंतरचं ऐकून घेणं बिनमार्कांचं.

आणि कॉलेजमध्ये येणारी म्हातारी माणसं म्हणजे सगळी म्हातारी माणसं नव्हेत हेही विसरलं जातं. १९८४ मध्ये कोहेन नवरा-बायकोंनी याला क्लिनिशियनचा भ्रम असं म्हटलं होतं, डॉक्टरला फक्त सतत दुखणारे, परत परत येणारेच दिसतात, जे बरे आहेत ते त्याच्यासमोर येतच नाहीत, मग त्याला वाटतं सगळे असेच. म्हणून स्टुडन्ट्सना धडधाकट म्हाताऱ्या माणसांकडेही न्यायला हवं, आणि तिथे नुसतं टॉर्च मारून दात मोजायला नाही. ऑलपोर्ट या सायकॉलॉजिस्टने १९५४ मध्येच सांगितलंय की नुसतं भेटवून पूर्वग्रह कमी होत नाही, दोघं बरोबरीच्या नात्याने भेटले, एकत्र मिळून काही केलं, तर होतो. कॅम्पमध्ये रांगेत उभं करून तोंड उघडायला लावणं ही बरोबरी नाही, हे सांगायला ऑलपोर्टही नको.

वर्कशॉपच्या आधी फॉर्म आणि नंतर फॉर्म, हा प्रकार तर मी आता वाचायचंच सोडलंय. दोन तासांचं सेशन, त्यात पोरांना डोळ्यावर धूसर चष्मा आणि हातात जाड ग्लोव्ह घालून म्हातारपण कसं वाटतं ते दाखवायचं, लगेच फॉर्म, स्कोअर वाढला, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली, सगळे खूश. सत्तरपैकी एक-दीड मार्क वाढला त्याचं क्लिनिकमध्ये काय झालं कुणाला माहिती. आणि वर्गात पाचशे पोरं असतील तर एवढ्याशा फरकालाही पी व्हॅल्यू छोटी येतेच. सहा महिन्यांनी परत मोजा म्हटलं की पीजी म्हणतो मॅडम तोपर्यंत माझा थिसिस सबमिट झालेला असेल. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

मला कुणी विचारलं मग काय करायचं, तर मी ला पिएरचा किस्सा सांगते. १९३० च्या दशकात हा अमेरिकन प्रोफेसर एका चिनी जोडप्याबरोबर देशभर गाडीने फिरला, तेव्हा तिकडे चिनी लोकांबद्दल भयंकर आकस होता. २५१ हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर त्याने त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त नाही म्हणाले. म्हणजे कागदावर नाही आणि प्रत्यक्षात या बसा. १९३४ मध्ये छापून आलंय हे. आमच्याकडे हीच गोष्ट उलटी आहे, कागदावर या बसा आणि प्रत्यक्षात पुढची तारीख. दोन्हीत फॉर्म खोटा पडतो.

म्हणून या वर्षी जी मुलगी हा विषय घेऊन आली तिला मी म्हटलं स्केल ठेव, पण एकटं नको. सोबत एक केस दे. एकच दात, एकच एक्सरे, तब्येत ठणठणीत, औषध काही चालू नाही, पैशांची अडचण नाही, फक्त अर्ध्या फॉर्मवर वय ४२ आणि अर्ध्यावर ७८. कुणाला कुठला फॉर्म आला ते चिठ्ठ्या टाकून. विचारायचं एकच, रूट कॅनॉल करून कॅप बसवाल की दात काढाल. म्हातारा, आदर, सहानुभूती यातला एकही शब्द फॉर्मवर नाही, त्यामुळे सजवून लिहायला जागाच नाही. तब्येतीची अट मुद्दाम घातलीय, नाहीतर ७८ म्हटल्यावर शुगर-बीपी असेल असं गृहीत धरून दात काढला असं म्हणायला वाट राहते (आणि ते गृहीत धरणं हासुद्धा एक निकालच आहे म्हणा).

दुसरं म्हणजे क्लिनिकमध्ये एक साधी चेकलिस्ट. स्टुडन्ट प्रश्न पेशंटला विचारतो की सोबत आलेल्या मुलाला-सुनेला. कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना मास्क खाली करून समोर येऊन बोलतो की मागून ड्रिलच्या आवाजात ओरडतो. उत्तर यायची वाट बघतो का. गोळ्यांची यादी खरंच बघतो का "मेडिसिन चालू" एवढंच लिहितो. काम झाल्यावर चेअर सावकाश सरळ करतो आणि पेशंटला दोन मिनिटं बसू देतो का, कारण या वयात आडव्याचं एकदम उभं केलं की बीपी पडून चक्कर येते. हे सगळं दिसतं, मोजता येतं, आणि शिकवताही येतं. ज्याला हे येतं त्याच्या मनात म्हाताऱ्यांबद्दल आत खोल काय आहे याच्याशी मला खरंच फार देणंघेणं नाही. माझी मैत्रीण सायकॉलॉजीवाली आहे, ती या वाक्यावर माझ्याशी भांडते.

आणि आत्मविश्वास वेगळा विचारायचा. बारीक कॅनॉल, सपाट हाड, रक्त पातळ करायची गोळी घेणारा पेशंट, डिमेन्शिया असलेला पेशंट, यातलं काय काय तुला एकट्याला जमेल. मला खात्री आहे की ज्याला आपण वाईट दृष्टिकोन म्हणतो त्यातला बराचसा भाग इथे येऊन बसेल, म्हणजे ते पोरगं घाबरलेलं असतं आणि घाबरलेलं पोरगं वैतागलेलं दिसतं.

गाइड कमिटीत यावर पहिला आक्षेप आला तो म्हणजे मग आधीच्या पेपर्सशी तुलना कशी करणार. दुसरा आक्षेप, चेकलिस्ट भरणार कोण, कारण फॅकल्टी उभी असली की सगळेच चेअर सावकाश सरळ करतात. दुसरा आक्षेप बरोबर आहे. इंटर्न्सना भरायला द्यावी का, म्हणजे त्यांच्या ज्युनिअर्सची, असा विचार चाललाय, पण इंटर्न्स दोस्तांना मार्क वाटतील अशी भीती आहे.

त्या मुलीनेच मग एक सुचवलं जे इतक्या वर्षांत माझ्यासमोर आलेल्या एकाही प्रपोजलमध्ये नव्हतं, की पेशंटलाच विचारू या. तुमच्याशी नीट बोलले का, तुम्हाला पर्याय सांगितले का, की परस्पर ठरवलं. पाच प्रश्न, मोठ्या अक्षरात छापलेले. फक्त चष्मा विसरलेल्यांना ते वाचून कुणी दाखवायचे हा प्रश्न आहे, कारण ज्याने आत्ताच दात बघितला तोच स्टुडन्ट वाचून दाखवणार असेल तर सगळेच "फार गुणी बाळ आहे" म्हणतील. सध्या रिसेप्शनवरच्या ताईंना विचारलंय, त्या बघते म्हणाल्यात.